आठव्या आठवड्यातला निर्णय: विषय सोडावा की रेटावा?

अमेरिकेत एमएस करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये हाच प्रश्न येतो: मिडटर्म (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) वाईट गेली, विषय सोडू का? उत्तरंही ठरलेली असतात. निम्मे म्हणतात ‘डब्ल्यूने (विषय सोडल्यावर ग्रेडच्या जागी येणाऱ्या खुणेने) काही होत नाही, सोड’, निम्मे म्हणतात ‘वेडी आहेस का, व्हिसा जाईल’. दोन्ही अर्धवट आहेत. म्हणून एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत, आकड्यांसकट, मांडत आहोत. यातली विद्यार्थिनी एक व्यक्ती नाही. अशा प्रकरणांमध्ये पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ती उभी केली आहे. गुण, फी आणि तारखा नमुन्याच्या, व्हिसाचे नियम खरे.

परिस्थिती

पुण्यातून ई अँड टीसीमध्ये बीई, आता एका स्टेट युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्सचं एमएस. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा. दुसरं सेमिस्टर चालू आहे, तीन विषय, प्रत्येकी ३ क्रेडिट, एकूण ९. त्यातला ॲडव्हान्स्ड अल्गोरिदम्स हा कोअर, म्हणजे पदवीसाठी सक्तीचा. सातव्या आठवड्यात पहिल्या मिडटर्मचे गुण लागले: १०० पैकी ४१. वर्गाची सरासरी ५८, स्टँडर्ड डेव्हिएशन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) १४. विषय सोडायची शेवटची तारीख दहाव्या आठवड्यातला शुक्रवार. दुसरी मिडटर्म अकराव्या आठवड्यात.

हा शेवटचा तपशील नजरेतून सुटतो. ‘दुसऱ्या मिडटर्ममध्ये कसं जातंय ते बघू आणि मग ठरवू’ हा पर्यायच इथे नाही. जे काही ठरवायचं ते आज हातात असलेल्या माहितीवरच.

पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड ए-मायनस, बी, बी. म्हणजे ३.७, ३.० आणि ३.०, जीपीए (ग्रेडची सरासरी) ३.२३. विभागाचा नियम असा की एकूण जीपीए ३.० च्या खाली गेला की प्रोबेशन, म्हणजे जीपीए सुधारण्याची अधिकृत ताकीद. कॅम्पसवर डायनिंग हॉलमध्ये आठवड्याला १५ तास काम. अल्गोरिदम्सवर आठवड्याला साधारण २० तास जातात, उरलेल्या दोन विषयांना मिळून जेमतेम १०.

डब्ल्यू आणि केटी एक नव्हे

सेमिस्टरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत विषय काढला तर त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात. फी बहुतेक वेळा परत मिळते आणि ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) त्याची खूणही राहत नाही. ती मुदत संपल्यावर काढला तर ‘विथड्रॉवल’: विषयाचं नाव ट्रान्सक्रिप्टवर राहतं, ग्रेडच्या जागी डब्ल्यू येतो, जीपीएत तो धरला जात नाही, आणि फी गेलेली असते. काही ठिकाणी उशिरा सोडलं तर ‘डब्ल्यूएफ’ लागतो आणि तो एफसारखा मोजला जातो. आपल्या विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये हे दोन ओळींत लिहिलेलं असतं, त्या ओळी वाचायच्याच.

घरी फोनवर संवाद साधारण असा होतो.

‘विषय सोडायचा म्हणजे नापासच ना गं?’

‘नाही बाबा. नापास झाले तर एफ लागेल, तो कायमचा राहतो. हा सोडला तर पुन्हा घेता येतो.’

‘मग केटीसारखंच झालं.’

तसं नाही, आणि इथेच आपल्याकडून गेलेली मुलं चुकतात. आपल्याकडच्या सवयीने वाटतं की राहिलेला विषय पुढच्या वेळी परीक्षा देऊन काढला की मिटलं. तिथे नुसती परीक्षा पुन्हा देण्याची सोय नसते. पूर्ण विषय पुन्हा घ्यावा लागतो: लेक्चर, असाइनमेंट, दोन मिडटर्म, फायनल आणि पूर्ण फी. शिवाय पदव्युत्तर पातळीवर अनेक विद्यापीठं जुना एफ पुसत नाहीत. पुन्हा घेऊन ए मिळवला तरी दोन्ही ग्रेड जीपीएत मोजतात. या विद्यापीठाचा नियम तसाच आहे. त्यामुळे ‘बघू, नापास झालो तर पुन्हा घेऊ’ हे इथे सर्वांत महाग पडणारं धोरण आहे.

आधी सिलॅबस, मग कॅल्क्युलेटर

सिलॅबसमधली वाटणी: असाइनमेंट २५ टक्के, पहिली मिडटर्म २०, दुसरी २०, फायनल ३५. आठ असाइनमेंटपैकी चार झाल्या आहेत: ८२, ७६, २०, ७०. सरासरी ६२.

वरवरचा हिशेब असा. निम्म्या असाइनमेंटचे १२.५ गुण, त्याचे ६२ टक्के म्हणजे ७.७५. मिडटर्मच्या २० चे ४१ टक्के म्हणजे ८.२. हातात १५.९५, बाकी ६७.५. ‘सी’साठी ७० लागतात, म्हणजे उरलेल्या प्रत्येक गोष्टीत सरासरी ८० टक्के. ‘बी’साठी ८० लागतात, म्हणजे जवळजवळ ९५ टक्के.

पण सिलॅबसच्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे: सर्वांत कमी गुणांची एक असाइनमेंट धरली जाणार नाही. वीस गुणांची ती तिसरी असाइनमेंट उशिरा दिली म्हणून दंड होऊन वीसवर आलेली. ती काढली की झालेल्यांपैकी उरलेल्या तिन्हींची सरासरी ७६ होते आणि सात असाइनमेंटमध्ये २५ टक्के वाटले जातात, प्रत्येकी ३.५७. आता हातात १६.३४, बाकी ६९.२९. ‘सी’साठी सरासरी ७७ टक्के, ‘बी’साठी ९२. फरक छोटा आहे, पण ८० आणि ७७ मध्ये निर्णय अडकलेला असतो तेव्हा तो फुकटचा नसतो. आणि हिशेब आपला आपण केल्याशिवाय तो दिसत नाही, कारण पोर्टलवरचा ‘चालू टक्के’ हा आकडा अनेकदा वजनं नीट न लावताच दाखवला जातो.

आता वास्तव अंदाज. उरलेल्या असाइनमेंटमध्ये ७८, दुसऱ्या मिडटर्ममध्ये ६० आणि फायनलमध्येही ६० धरले (४१ वरून ६० म्हणजे चांगलीच उडी), तरी एकूण ६०.५ होतात. सिलॅबसच्या पट्टीने हा एफ. या विषयात डी ग्रेडच नाही.

इथपर्यंत वाचून सोडून द्यावंसं वाटेल. थांबा, कर्व्ह (वर्गाच्या कामगिरीनुसार ग्रेड लावणं) राहिला. वर्गाची सरासरीच ५८ असेल तर प्राध्यापक ७० च्या खालच्या सगळ्यांना नापास करणार नाहीत. त्यामुळे टक्केवारीपेक्षा वर्गातलं आपलं स्थान महत्त्वाचं. ५८ वजा ४१ म्हणजे १७, भागिले १४: सरासरीच्या सव्वा डेव्हिएशन खाली. अंदाजाने वर्गाच्या शेवटच्या दहा-पंधरा टक्क्यांत. तिथे कर्व्हनंतर सी मिळतो की एफ, हे प्राध्यापकावर आहे. सांगण्यासारखं दुसरं कोणीच नाही, म्हणून त्यांनाच विचारायला जावं लागतं.

४१ कुठून आले

ऑफिस अवर्सला, म्हणजे प्राध्यापकांना भेटण्याच्या ठरलेल्या वेळेला, जाण्याआधी पेपर उघडून प्रश्नवार गुण लिहून काढले. पाच प्रश्न, प्रत्येकी २०. रिकरन्स सोडवा: १६. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग: १३. ग्रीडी अल्गोरिदम बरोबर आहे हे सिद्ध करा: ३. ग्राफमधल्या कट प्रॉपर्टीची सिद्धता: ४. रँडमाइज्ड अल्गोरिदमला लागणारा अपेक्षित वेळ: ५.

म्हणजे करून दाखवायच्या प्रश्नांत ४० पैकी २९, सिद्धता आणि संभाव्यतेत ६० पैकी १२. ही मुलगी आळशी नाही आणि विषय ‘झेपत नाही’ असंही नाही. बीईला तिला डिस्क्रीट मॅथ्स नव्हतं. इंडक्शन, विरोधाभासाने सिद्धता, एक्स्पेक्टेशनची लिनिॲरिटी या गोष्टी वर्गातल्या बाकीच्यांनी दोन वर्षांपूर्वी केल्या आहेत, ती पहिल्यांदाच बघते आहे. विषयाच्या पूर्वअटींमध्ये ‘डिस्क्रीट मॅथ्स किंवा समकक्ष’ असं लिहिलेलं होतं. प्रवेशाच्या वेळी समकक्ष म्हणून इंजिनिअरिंग मॅथ्स-३ धरलं गेलं. त्यात लाप्लास आणि फूरिए होतं, सिद्धता नव्हती.

आणि उरलेला सिलॅबस काय? एनपी-कंप्लीटनेस, ॲप्रॉक्झिमेशन, रँडमाइज्ड अल्गोरिदम्स. सगळंच सिद्धतेचं. आत्तापर्यंत तिला ज्या प्रश्नांनी तारलं ते पुढे येणारच नाहीत. त्यामुळे वर धरलेला ६० चा अंदाज सुद्धा उदार आहे. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा ४१ हा आकडा नसून त्याची ही फोड आहे. हेच ४१ उलटे पडले असते, सिद्धतेत बरे आणि हिशेबात गोंधळ, तर सल्ला वेगळा दिला असता.

असाइनमेंटच्या ७०-८० ने फसू नये. असाइनमेंट चार जणांनी मिळून चर्चा करून लिहिलेल्या असतात. तसं करायला परवानगी असते, पण परीक्षेत शेजारी कोणी बसवत नाही.

प्राध्यापकांकडे काय विचारायचं

‘सर, मी पास होईन का?’ असं विचारलं तर ‘मेहनत करा’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी पेपरची फोड समोर ठेवून तीन गोष्टी विचारायच्या. गेल्या वेळी मिडटर्मनंतर वर्गात या जागी असलेल्यांना शेवटी साधारण कोणता ग्रेड पडला? उरलेल्या पेपरांत सिद्धतेचा वाटा किती? आणि तुमच्या मते मी हा विषय पूर्वतयारी नसताना घेतला आहे का? असल्यास तसं दोन ओळींत लिहून द्याल का?

तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा. का, ते पुढे येईल.

उत्तरं मिळाली ती अशी: खालच्या गटातल्या बहुतेकांना सी किंवा सी-प्लस, काहींना एफ, हमी देता येणार नाही. पुढच्या पेपरांत सिद्धता जास्त. आणि हो, डिस्क्रीट मॅथ्सशिवाय हा विषय घ्यायला नको होता, तसं ईमेलने कळवतो.

जीपीएचा खेळ

आता चार शक्यता, १८ क्रेडिटच्या हिशेबाने. दुसरे दोन विषय सध्या बी-प्लस आणि ए-मायनसच्या आसपास आहेत, म्हणजे ३.३ आणि ३.७.

अल्गोरिदम्समध्ये सी, बाकी दोन जागेवर: एकूण जीपीए ३.१२. पास, प्रोबेशन नाही, सक्तीचा विषय संपला. बघा, सोडायचं कारणच काय!

अल्गोरिदम्समध्ये एफ, बाकी जागेवर: २.७८. प्रोबेशन, आणि एफ कायमचा.

अल्गोरिदम्समध्ये सी, पण त्यासाठी २० चे २८ तास केले आणि बाकी दोन्ही बीवर घसरले: २.९५. पास होऊनही प्रोबेशन. ही शक्यता कोणी मांडत नाही, पण ती घडते.

डब्ल्यू घेतला, बाकी जागेवर: १५ क्रेडिटवर ३.३४.

अकॅडमिक ॲडव्हायझरचं मत होतं की राहावं. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता: पदवीला दोन सी चालतात, सक्तीचा विषय एकदाचा सुटतो, ३,६०० डॉलर वाचतात (क्रेडिटला १,२०० धरून). ॲडव्हायझरने पाहिलेला सी हा बाकीचे विषय जसेच्या तसे राहतील असं धरून होता. तास मात्र तेवढेच असतात. डायनिंग हॉलचे १५ तास सोडले तर? तोही पर्याय तपासला. त्यातून महिन्याचा किराणा आणि फोनचा खर्च निघत होता, आणि शिवाय तासांनी डिस्क्रीट मॅथ्सची दोन वर्षांची फट पाच आठवड्यांत भरत नाही.

व्हिसा

इथे सर्वांत जास्त अफवा आहेत, म्हणून सावकाश.

एफ-१ वर प्रत्येक नियमित सेमिस्टरला पूर्ण वेळ शिकावं लागतं. अंडरग्रॅडला तो आकडा नियमातच १२ क्रेडिट असा आहे. पदव्युत्तरला विद्यापीठ ठरवतं, बहुतेक ठिकाणी ९. तीनपैकी एक विषय सोडला की ६ उरतात. परवानगी न घेता ९ च्या खाली गेलं की स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, गेलं. डीएसओ, म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसमधला अधिकृत अधिकारी, हे २१ दिवसांत सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत) कळवायला बांधील असतो. त्यानंतर रीइन्स्टेटमेंटचा (स्टेटस परत मिळवण्याचा) अर्ज, साधारण ५ महिन्यांच्या आत, किंवा देश सोडून नव्या आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर) परत येणं. दुसऱ्या मार्गात ओपीटीसाठी (शिक्षणाशी संबंधित काम करण्याच्या परवानगीसाठी) लागणारं एक शैक्षणिक वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजलं जातं.

पण परवानगी मिळू शकते. तिला रिड्यूस्ड कोर्स लोड म्हणतात, बोलताना आरसीएल. शैक्षणिक कारणावरून ती देता येते, मात्र ‘ग्रेड खराब येईल’ हे कारण नियमात नाही. नियमातली कारणं मोजकी: सुरुवातीला इंग्रजीची किंवा वाचनाच्या ओझ्याची अडचण, अमेरिकन शिकवण्याच्या पद्धतीची ओळख नसणं, आणि चुकीच्या पातळीच्या विषयात प्रवेश झालेला असणं. प्राध्यापकांच्या दोन ओळींचं मोल इथे कळतं. ‘पूर्वतयारी नसताना विषय दिला गेला’ हे थेट तिसऱ्या कारणात बसतं.

अटी अशा की निदान ६ क्रेडिट ठेवावे लागतात (इथे बरोबर ६ उरतात), पुढच्या नियमित सेमिस्टरला पुन्हा पूर्ण वेळ व्हावं लागतं, आणि शैक्षणिक कारणाची ही सवलत एका पदवीच्या पातळीवर एकदाच मिळते. वैद्यकीय कारणाची वेगळी असते, तिला डॉक्टरचं पत्र लागतं आणि एकूण १२ महिन्यांची मर्यादा आहे. शेवटच्या सेमिस्टरला कमी विषय उरले तर त्याचीही वेगळी. तेव्हा ही सवलत आज वापरली की तिसऱ्या सेमिस्टरला तिच्या भरवशावर राहता येणार नाही. डब्ल्यूची खरी किंमत ३,६०० डॉलरपेक्षा ही आहे.

आणि एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं असं: परवानगी आधी, पोर्टलवरचं बटण नंतर. बटण दाबून मग इंटरनॅशनल ऑफिसला धावत जाणाऱ्यांसाठी डीएसओकडे फारसं काही उरत नाही. पोर्टल बहुतेकदा व्हिसा बघून अडवत नाही. एफ-१ वर असलेल्याला ते ‘थांबा’ म्हणेल अशी समजूत असते, ते बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘यशस्वी’ म्हणतं.

बाकीचे दरवाजे

‘इन्कम्प्लीट’, म्हणजे राहिलेलं काम नंतर पूर्ण करण्याची मुभा, घ्यावा का? तो बहुतेक काम झालेलं असताना शेवटी आजारपण वगैरे आलं तर देतात. मागे पडलोय म्हणून मिळत नाही. ऑडिट? वर्गात नुसतं बसायला मिळतं, पण पूर्ण वेळच्या क्रेडिटमध्ये ते मोजलं जात नाही. पास-फेल? कोअरला परवानगी नाही.

एक पर्याय मात्र खरा होता: सेमिस्टरच्या उत्तरार्धात चालणारा ३ क्रेडिटचा विषय घेऊन ९ पूर्ण करणं. तसं जमलं तर आरसीएल वापरावाच लागत नाही, शिल्लक राहतो. अनेकांना हा मार्ग माहीतच नसतो, म्हणून कोर्स कॅटलॉगमध्ये ‘दुसरं सत्र’ किंवा ‘लेट स्टार्ट’ असा शोध घ्यायचाच. ऑनलाइन विषय असेल तर एका सेमिस्टरला एकच, म्हणजे फार तर ३ क्रेडिट, पूर्ण वेळेत धरला जातो. इथे असा एक विषय होता, पण तो बिझनेस स्कूलचा, पदवीत धरला न जाणारा, आणि आठ आठवड्यांत पूर्ण सेमिस्टरचं काम. ज्या तासांसाठी अल्गोरिदम्स सोडायचा तेच तास तिकडे गेले असते. नाकारला.

तारीख उलटी मोजा

कॅलेंडरवर शेवटची तारीख दहाव्या आठवड्याचा शुक्रवार, संध्याकाळी ५. रात्री ११:५९ नव्हे. सवयीने सगळे तेच धरतात. आरसीएलला इंटरनॅशनल ऑफिस ५ कामाचे दिवस घेतं. म्हणजे अर्ज नवव्या आठवड्याच्या शुक्रवारच्या आत. अर्जावर ॲडव्हायझरची सही लागते. नववा आठवडा स्प्रिंग ब्रेक, म्हणजे सेमिस्टरमधली सुट्टी, ॲडव्हायझर गावाला. म्हणजे सही आठव्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत, आणि प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स मंगळवारी आणि गुरुवारी. दहाव्या आठवड्याची मुदत अशी बघता बघता आठव्या आठवड्याच्या मंगळवारवर आली. गुण लागल्यापासून चार कामाचे दिवस.

प्रत्यक्षात झालं ते असं. सोमवारी हिशेब आणि पेपरची फोड. मंगळवारी प्राध्यापक, संध्याकाळी त्यांचा ईमेल. बुधवारी ॲडव्हायझर: मत वेगळं असलं तरी सही द्यायला हरकत नव्हती, शिवाय त्यांनी विषय पुढच्या फॉलमध्ये (ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या सेमिस्टरमध्ये) आहे याची खात्री करून दिली. (हे विचारायलाच हवं. काही कोअर विषय वर्षातून एकदाच येतात, आणि तो जर फक्त स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीच्या सुमारास सुरू होणाऱ्या सेमिस्टरला, असता तर शेवटच्या सेमिस्टरमध्ये घ्यावा लागला असता. तिथे काही बिघडलं तर पदवीची तारीख, आणि तिच्यावर अवलंबून असलेला ओपीटीचा अर्ज, सगळंच सरकतं.) गुरुवारी आरसीएलचा अर्ज, सोबत प्राध्यापकांचा ईमेल. त्याच ईमेलमध्ये डीएसओला लेखी प्रश्न: उन्हाळ्यातल्या सीपीटीवर (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायच्या इंटर्नशिपच्या परवानगीवर), कॅम्पसच्या नोकरीवर आणि हेल्थ इन्शुरन्सवर याचा परिणाम होतो का? तोंडी ‘काही प्रॉब्लेम नाही’वर विसंबू नये. समोर बसलेला माणूस बदलला की उत्तरही बदलतं.

निर्णय: आरसीएल घेऊन विषय सोडायचा. सी मिळण्याची शक्यता होती, तरीही. पुढचा अर्धा सिलॅबस नेमका कच्च्या बाजूचा होता, बाकीचे दोन विषय त्यात ओढले जाणार होते, आणि कमतरता अशी होती की सहा महिन्यांत भरून निघेल, सहा आठवड्यांत नाही.

बटण दाबण्याच्या दिवशी

मंजुरी दहाव्या आठवड्याच्या मंगळवारी आली, सोबत आरसीएलची नोंद असलेला नवा आय-२०. त्यानंतर पोर्टल. तिथे दोन गोष्टींनी खोळंबा केला. पहिली, अकाउंटवर होल्ड: लायब्ररीचा १२ डॉलरचा दंड. होल्ड असला की नोंदणीत बदल होत नाही, आणि पैसे भरल्यावर तो उठायला एक दिवस लागला. शुक्रवारी सुरुवात केली असती तर १२ डॉलरसाठी एफ पदरात पडला असता. दुसरी, यादीत ‘ड्रॉप’ आणि ‘विथड्रॉ’ हे दोन्ही पर्याय दिसत होते. ड्रॉप निवडल्यावर ‘मुदत संपली’ असं लाल अक्षरात आलं. अनेकजण इथेच घाबरून पोर्टल बंद करतात आणि समजतात की सोडता येत नाही.

झाल्यावर स्क्रीनशॉट आणि आलेला ईमेल, दोन्ही जपून ठेवले. दोन दिवसांनी अनऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट काढून डब्ल्यू दिसतो याची खात्री केली. मंजुरी येईपर्यंत लेक्चरला जाणं चालू ठेवलं. वर्गात जाणं बंद केलं म्हणजे आपोआप डब्ल्यू लागेल, हा समज अनेकांना महागात पडतो. नोंदणी तशीच राहते आणि शेवटी एफ येतो.

एज्युकेशन लोन असेल तर बँकेलाही लक्षात ठेवावं. कर्जाचा पुढचा हप्ता देताना बँक ट्रान्सक्रिप्ट मागू शकते, आणि क्लार्कला डब्ल्यू म्हणजे काय ते ठाऊक असेलच असं नाही. ॲडव्हायझरकडून ‘विद्यार्थिनीची प्रगती समाधानकारक आहे’ अशा अर्थाचं एका परिच्छेदाचं पत्र आधीच घेऊन ठेवलं की घरच्यांना शाखेत खेटे घालावे लागत नाहीत.

मोकळे झालेले तास

सोडलेल्या विषयाचे २० तास कुठे गेले यावर निर्णय बरोबर होता की नाही ते ठरतं. इथे ६ तास बाकीच्या दोन विषयांना, १० तास डिस्क्रीट मॅथ्सला. अंडरग्रॅडच्या वर्गात प्राध्यापकांच्या परवानगीने नुसतं जाऊन बसणं, आणि आठवड्याला सात-आठ सिद्धता स्वतःच्या हाताने लिहून टीएला (प्राध्यापकांच्या शिकवणी साहाय्यकाला) दाखवणं. वाचून समजली आणि लिहिता आली यातलं अंतर किती असतं, ते पहिल्या मिडटर्मच्या तिसऱ्या प्रश्नाने दाखवलंच होतं. चार तास झोपेला. ते उधळपट्टी वाटतील, पण फेब्रुवारीपासून ती रात्री तीनला झोपत होती.

पदवीचा आराखडा ३० क्रेडिटचा: ९, ९, ९ आणि शेवटी ३ असा ठरला होता. आता ९, ६, ९, ६. जादा सेमिस्टर लागलं नाही, फक्त ३ क्रेडिटची फी जास्त. हे नशीब आहे, नियम नाही. ज्यांचा आराखडा तीनच सेमिस्टरचा असतो त्यांना हाच डब्ल्यू पूर्ण सेमिस्टरच्या भाड्याला आणि फीला पडतो. उलट काही विद्यापीठांत ९ ते १२ क्रेडिटची फी एकरकमी असते, तिथे चौथा विषय म्हणून तो जवळपास फुकट पुन्हा घेता येतो.

हेच आकडे, वेगळा निर्णय

तीच मुलगी, तेच ४१, पण पेपरची फोड उलटी: सिद्धता बऱ्या, रिकरन्समध्ये चुका. तर राहायला हवं होतं. हिशेबाच्या चुका तीन आठवड्यांत सुधारतात.

आरसीएल पहिल्या सेमिस्टरला वापरून झालेला असता, तर उत्तरार्धातला विषय घेणं किंवा सीसाठी लढणं, एवढेच दोन मार्ग. मग डायनिंग हॉलचे तास पहिल्यांदा कापायचे, आणि उरलेल्या दोनपैकी एका विषयात बी चालेल असं आधीच ठरवून टाकायचं. तिन्हीकडे पूर्ण जोर लावायला गेलं की २.९५ ची शक्यता खरी होते.

दुसरी मिडटर्म विथड्रॉवलच्या तारखेआधी असती तर थांबणं योग्य होतं, पण अर्ज तयार ठेवून. आरसीएलची मंजुरी हातात असली म्हणून विषय सोडावाच लागतो असं नाही. मात्र तसं असेल तर डीएसओला कळवून सेव्हिसमधली नोंद रद्द करून घ्यावी, नाहीतर एकदाच मिळणारी सवलत न वापरताच खर्ची पडते.

आणि कारण जर पूर्वतयारीचं नसून घर, तब्येत, मन असं असेल तर या सगळ्या हिशेबाआधी विद्यापीठाच्या कौन्सेलिंग सेंटरची वेळ घ्यावी. बहुतेक विद्यापीठांत ती फीमध्येच धरलेली असते. वैद्यकीय आरसीएलला लागणारी कागदपत्रं कोणाकडून घ्यायची, तेही तिथे विचारता येतं.